दांडी थांबेना

चाळीस वर्षं त्याने लोकांचे काटे दुरुस्त केले. सराफांचे, औषधवाल्यांचे, प्रयोगशाळांचे. काचेच्या पेटीतला नाजूक तराजू शून्यावर आणावा तर त्यानेच, असं नाव होतं. वरच्या मजल्यावर राहणारा त्याचा साडू त्याला ‘मिलिग्राम’ म्हणायचा, आणि बायको सोडून सगळ्यांनी ते नाव उचललं होतं. असा हा मिलिग्राम निवृत्तीनंतर जिन्याखालच्या खोलीत एका दांडीपुढे हात टेकून बसला होता.

दांडी होती भूकंपमापकाची, घरीच केलेल्या. फाटक बिजागरीवर फिरतं तशी ती आडवी फिरायची. टोकाला दोन किलो शिसं, वरून बारीक तारेने तोललेलं. जमीन हलली की चौकट तिच्याबरोबर हलणार, जड शिसं मात्र आळशासारखं मागे राहणार. तो फरक चुंबक आणि तारेचं वेटोळं टिपणार आणि बाहेरच्या खोलीतल्या संगणकावर रेघ उमटणार. कागदावर सगळं सरळ होतं.

गेल्या महिन्यात समुद्रापलीकडे मोठा भूकंप झाला. अशी यंत्रं घरी करणाऱ्या हौशी मंडळींच्या गटात प्रत्येकाने आपापली नोंद टाकली. पहिली लाट, दुसरी लाट, सगळं वेगवेगळं, स्वच्छ. मिलिग्रामची रेघ मात्र कंगव्यासारखी. दांडी एकदा हलली ती पाऊण तास झुलतच राहिली. खरी लाट कुठली आणि तिचा स्वतःचा झोका कुठला, काही कळेना. गटातल्या एकाने नम्रपणे लिहिलं, “झोक्याला लगाम कमी पडतोय.”

“मला सांगतात!” मिलिग्राम बायकोला म्हणाला. “हा लगाम शंभर तराजूंना घातलाय मी.”

“मग आपल्या दांडीलाही घाला,” ती म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

आधी त्याने दांडीला खाली पत्र्याचं पातं लावलं आणि ते तेलाच्या डब्यात बुडवलं. दांडी शहाण्यासारखी थांबली. पण सकाळच्या गारठ्यात तेल घट्ट होई आणि दांडी पेंगल्यासारखी जागीच राही. दुपारी तेल पातळ झालं की पुन्हा झोके सुरू. चार तेलं बदलली. खोलीभर चिकट डाग, आणि त्याच पायांनी तो घरभर फिरला म्हणून बायकोचे बोल खाल्ले ते वेगळेच.

मग तेल फेकून त्याने चुंबक आणले. दोन चुंबकांच्या फटीत तांब्याची पट्टी हलली की ती आपोआप मंदावते, आणि याला गारठा-ऊन फारसं बाधत नाही. पट्टी बसवली, तर दांडी सुळकन एका बाजूला जाऊन चिकटली. तांबं काही चुंबकाला चिकटत नाही! दोन दिवस डोकं खाजवल्यावर दिसलं की पट्टी त्याने लोखंडी स्क्रूने बसवली होती. चाळीस वर्षं पितळी स्क्रू वापरणाऱ्या माणसाने! ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नाही.

पितळी स्क्रू लावल्यावर पुढचं काम: दांडीचा एक झोका सावकाश, अठरा सेकंदांचा करायचा. त्यासाठी चौकटीचा मागचा पाय केसभर खाली घ्यायचा. चौदा आले, सोळा आले. आणखी केसभर घेतला की दांडी तोल सोडून कोपऱ्यात जाऊन पडे. पुन्हा पहिल्यापासून. अकराव्या खेपेला अठरा जमले. मग चुंबक थोडे मागे, थोडे पुढे. बोटाने हळूच ढकललं की दांडीने मध्यावर यायचं, किंचित पलीकडे जायचं, परत येऊन गप्प बसायचं. बसली! त्याला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

पण कसलं काय! दुसऱ्या दिवशी रेघेवर टेकडी उठली, बरोबर अकराच्या सुमाराला. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशीही तेच. आणि अकरा वाजताच वरती साडूची पावलं वाजायची. साडू जुना बसचालक. हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. रोज अर्धा तास चाला, असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि तो वरच्या लांब व्हरांड्यात चकरा मारायचा. पावलं वाजली की दांडी हलते का ते बघायला मिलिग्राम खोलीत धावायचा, दांडीपुढे उभं राहून दात-ओठ खायचा. शेवटी तो वर गेला.

“साडूबुवा, तुमचं चालणं माझ्या यंत्रात शिरतंय.”

“अहो, मी चालतो, रणगाडा नाही चालवत.”

“थोडे दिवस थांबवा. पंधरा-वीस दिवस.”

साडूने त्याच्याकडे पाहिलं. “बरं,” एवढंच म्हणाला. त्याची बायको, म्हणजे मिलिग्रामची मोठी मेव्हणी, आत निघून गेली.

पावलं थांबली. टेकडी थांबली नाही. मिलिग्राम रोज अकराला टॉर्च घेऊन आत जायचा आणि दुप्पट चिडून बाहेर यायचा. “चोरून चालतात ते,” तो पुटपुटायचा. दोन आठवडे असे गेल्यावर वरची दोघं मुलीकडे गेली. घर रिकामं. अकरा वाजता तो नेहमीप्रमाणे आत शिरला. बायको बाहेर संगणकापाशी चष्मा पुसत बसली होती.

“अहो,” तिने हाक मारली, “ती टेकडी आली बघा.”

“वर कोणी नाहीये!”

“वर नाही. आत तुम्ही आहात.”

तो जागीच उभा राहिला. मग डाव्या बाजूला सरकला. “खाली गेली,” ती म्हणाली. उजव्या बाजूला सरकला. “आता वर.” त्याच्या पंचाहत्तर किलोंनी फरशी केसाच्याही शंभराव्या भागाने वाकत होती आणि दांडी त्याला इमानेइतबारे नोंदवत होती. त्याने जुन्या नोंदी काढल्या. साडूच्या चालण्याचे दिवस पाहिले, तर टेकडीवर बारीक लव होती. पावलं म्हणजे ती लव. टेकडी तो स्वतः.

साडू परतला त्या संध्याकाळी मिलिग्राम वर गेला.

“चुकलो,” तो म्हणाला. “तुमचं काहीच नव्हतं. मीच होतो.”

“दोन आठवडे,” मेव्हणी दारातूनच म्हणाली. “डॉक्टर केवढे ओरडले, ठाऊक आहे?”

तो मान खाली घालून उभा राहिला. साडू म्हणाला, “उद्या अकराला यायचं. माझ्याबरोबर चालायचं. दीड महिना.”

खोलीला कुलूप लागलं, किल्ली बायकोच्या कमरेला गेली. मिलिग्राम रोज व्हरांड्यात साडूमागे चालला, गुडघे कुरकुरत असताना.

नवव्या दिवशी दूरवर कुठेतरी मध्यम भूकंप झाला. रेघेवर पहिली लाट, दुसरी लाट, मग दांडी गप्प. मिलिग्रामने नोंद गटात टाकली. तासाभराने उत्तर आलं: “छान. पण तुमच्या संगणकाचं घड्याळ अकरा सेकंद मागे आहे.”

त्याने कपाळावर हात मारून घेतला.