साहेबांसारखा टास्कबार

ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर नवी विंडोज टाकायची होती. टास्कबार आणि स्टार्ट मेनू सगळीकडे आपोआप एकसारखे आले पाहिजेत, असं साहेबांनी बजावलं.

"एकसारखे म्हणजे कसे?" कॉम्प्युटर विभागातल्या बाईंनी विचारलं.

"माझ्यासारखे. माझ्याकडे फालतू काही नसतं."

बाईंनी साहेबांच्या मशीनवरची मांडणी जशीच्या तशी उचलून सगळ्या मशीनवर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घातली. त्यात काय काय आहे हे बघणं त्यांना आगाऊपणाचं वाटलं.

सोमवारी प्रत्येकाच्या स्क्रीनवर खाली मेल, हिशेबाचा प्रोग्राम, पत्त्यांचा खेळ आणि नोकरी शोधायची वेबसाइट ओळीने हजर होती. बाई घाईघाईने स्क्रिप्ट उघडून बघू लागल्या.

हेडक्लार्कना मात्र गहिवरून आलं. "साहेब, जाताय हे सांगायचं तरी! असं गुपचूप जाऊ देणार नाही आम्ही."

दुपारी केक आला, भाषणं झाली, साहेबांच्या चांगुलपणाचे किस्से निघाले. दोघा-तिघांचे डोळेही पाणावले. साहेबांनी पुष्पगुच्छ घेतला, आभार मानले आणि घसा खाकरून म्हणाले, "पण मला अजून कुणी मुलाखतीलासुद्धा बोलावलेलं नाही."

त्यानंतर केक संपेपर्यंत कुणी मान वर केली नाही.