चिमणीम्होरं पळालेला फौजी

कृष्णात हवालदार दिवाळीच्या सुट्टीला कसबा बावड्यात आला ते डाव्या गुडघ्याला पट्टा बांधून, आणि पट्टा कुणाला दिसू नये म्हणून वर ढगळी पँट घालून. लडाखात बर्फावरनं घसरलेला. जिना चढताना गुडघा असा कटकट वाजायचा की झोपलेलं मांजर उठून बघायचं.

फौजेनं त्याच्याम्होरं दोन वाटा ठेवलेल्या. एक, मेडिकल बोर्डाम्होरं उभं ऱ्हायचं, 'अनफिट' शिक्का घ्यायचा आणि पेन्शन घिऊन लगीच घरी. दुसरी, अजून दीड वर्स स्टोअरमधी खुर्ची गरम करायची आणि नोकरी पुरी करून रीतसर रिटायर व्हायचं. सुभेदारसाहेबांना आज सांजच्याला फोनवर सांगायचं हुतं.

"मेडिकल घ्या," त्याची बायको संयोगिता चहा गाळता गाळता म्हणाली. "लग्न झाल्यापासनं तुमची सुट्टीच बघत आलोय मी. आता माणूस बघू दे."

"आन् गावात काय सांगू? अनफिट होऊन आलो म्हणून?"

"गुडघा अनफिट हाय. तुमी कुठं?"

"तालमीतल्या पोरांना एवढं बारीक कळतंय व्हय."

खरं दुखणं हितं हुतं. बावड्यात फौजी रिटायर होऊन आला की उघड्या जीपमधनं मिरवणूक निघत्या. हलगी, गुलाल, चौकात ह्यो एवढा फ्लेक्स. दोस्त अमरसिंहनं तर फ्लेक्सचा फोटोबी निवडून ठेवलेला. मेडिकलवर आलेल्याला कोण मिरवतंय, असं कृष्णातच्या डोस्क्यात घट्ट बसलेलं.

आणि आज पाडवा. पाडव्याला बावड्यात म्हशी पळवत्यात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्या घालायच्या. मालक म्होरं गाडीवर सुटला की म्हस त्याच्यामागनं पळत्या. लईच जिगरीचा मालक असला तर पायी पळतो.

"आज चिमणीम्होरं मी पायी पळतो," कृष्णात म्हणाला. "चौकापत्तर पळालो तर नोकरी पुरी करणार. न्हाय पळालो तर मेडिकल."

चिमणी म्हंजे त्यांची म्हस. नाव ठेवलं तवा ती रेडकू हुती. आता तिला गोठ्यात घ्यायची तर आधी दारातली मोटरसायकल हलवाय लागत्या.

संयोगितानं गाळणी खाली ठेवली. "शब्द?"

"फौजीचा शब्द."

"मग पळा की," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून खोकली. खोकली का हसली, ते कृष्णातला काय कळालं न्हाय.

दुपारी रस्त्याला मुंगी शिरंना. सायलेन्सर काढलेल्या गाड्या फाडफाड करत हुत्या, पोरं शिट्ट्या मारत हुती. कृष्णातनं पट्टा आवळला, चिमणीम्होरं उभा ऱ्हायला, 'ह्योऽ' केलं आणि सुटला. पहिली धा-बारा पावलं अशी पडली की त्याला वाटलं, झालं काम, दीड वर्स पक्कं. मग ध्यानात आलं, लोकं हसाय लागल्यात आणि त्याच्याकडं कुणी बघतच न्हाय. मागं वळला. चिमणी जाग्यावरच. निवांत रवंथ करत हुती.

"चिमणे, चल की."

दारात वीजबिलवाला आल्यावर बघत्यात तसं चिमणीनं त्याच्याकडं बघितलं.

"ओ पावणं," अमरसिंह वरडला, "म्हस कुणाची आणलाय?"

सगळा रस्ता खदखदला. स्वतःच्या गल्लीत पावणं. कृष्णात तावातावानं माघारी आला, चिमणीचा कासरा खचकन वढला आणि गुडघा अडकला. गडी चिमणीच्या तोंडाम्होरं बदकन खालीच बसला. चिमणी त्याच्या डोस्क्यावर शिंकली.

तेवढ्यात मागनं हॉर्न वाजला. चिमणीचं कान ताठ. स्कुटीवर संयोगिता, काठपदराची साडी, डोळ्याला गॉगल. वर्सभर ही म्हस ह्याच स्कुटीमागनं पंचगंगेला पाण्याला जायची. चिमणीला मालक ठावा हुता, त्यो फकस्त कृष्णात नव्हता.

"बसा मागं," संयोगिता म्हणाली.

"अगं मी पळणार हाय."

"रस्त्यात बसून? उठा, म्हस सुटली तर तुमच्या अंगावरनंच जाईल."

पाय वाकंना, म्हणून दोघा पोरांनी त्याला उचलून स्कुटीवर उलटा बसवला. तोंड म्हशीकडं, पाय तोफंसारखा सरळ. स्कुटी सुटली. मागनं चिमणी सुटली. तिचं नाक आणि ह्याच्या पायाचा अंगठा, मधी एक वीत.

"हळू चालीव की," कृष्णात वरडला.

"हळू केलं तर ती मांडीवर बसंल."

पँट वर सरकली, पट्टा उघडा पडला. सगळ्या बावड्यानं बघितला. आणि वर गुलालाची मूठच्या मूठ तोंडावर आली. बाजूनं अमरसिंह धापा टाकत पळत हुता. "किश्या, जीपमधी काय बी ठेवलं न्हाय भावा. हेच भारी हाय."

कृष्णातला हसू फुटलं ते आवरंना. पोट दुखाय लागलं, डोळ्यातनं पाणी, दातावर गुलाल. तशातच त्यानं खिशातनं फोन काढला.

"जय हिंद साहेब. मेडिकल बोर्डाला उभा ऱ्हातो."

"नीट विचार केलास का? आणि तिकडं आवाज कसला रं?"

"म्हस हाय साहेब. माझ्या मागं लागल्या."

"मग पळ की लेका."

"पळता येत न्हाय साहेब, म्हणून तर फोन केलाय."