बायकोचे पालथे पत्ते

हातात राण्यांची जोडी असताना त्याने पत्ते टाकून दिले. पण ते अजून घडलेलं नाही. दुपारचे साडेतीनच झालेत, आणि पोकरच्या टेबलावर त्याची नजर एका निळ्या चिपवर खिळली आहे.

ती चिप बायकोच्या बोटांत आहे. पाच निळ्यांची एक चळत, पाच लालांची दुसरी – एकाच हाताने ती दोन्ही एकमेकींत सरकवते, आणि खटखट करत एकच चळत उभी राहते… तिकडे न बघता. हे त्याने शिकवलेलं नाही. त्याने शिकवलं ते जेवणाच्या टेबलावर शर्टाची बटणं मांडून, पंधरा दिवसांत – की स्पर्धेत सगळ्यांना सारख्याच चिप मिळतात, त्या परत देऊन पैसे मिळत नाहीत, संपल्या की गुमान उठायचं. की दर वीस मिनिटांनी सक्तीची बोली वाढते, त्यामुळे चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसणारा बसल्या बसल्याच झिजतो. आणि समोरच्याने बोली लावली की तीनच रस्ते – टाकून द्या, बरोबरी करा, नाहीतर वाढवा. "आणि ब्लफ कधी मारायचा?" तिने विचारलं होतं. "ते तुला जमायचं नाही," तो म्हणाला होता. कौतुकाने!

चिप सरकवायला मात्र महिने लागतात. तो वजनमाप निरीक्षक, अंदाजाने बोलायची त्याला सवय नाही – दार लावून त्याने स्वतः चार महिने प्रयत्न केला होता, आणि कपाटाखाली अजून चिप सापडतात.

मग तिला कुणी…?

टेबलाच्या टोकाला दातांचा डॉक्टर बसलाय. तीच खटखट, आणि शेवटी करंगळी तशीच किंचित वर. बायकोच्या दाढेचं रूट कॅनाल याच माणसाने सहा बैठकांत केलं. सहा! माझ्या दाढेला दोन पुरल्या, आणि माझी दाढ मोठी आहे.

"वहिनी, सांभाळून हं," डॉक्टर म्हणाला. "तुमच्यावर निरीक्षकांची नजर आहे."

"त्यांचं काय," बायको म्हणाली, "काट्यावर माणूस चढला तरी ते आकडाच बघतात."

टेबल हसलं. डॉक्टर जरा जास्तच हसला. दात चांगले होते बेट्याचे.

मग तिने सगळ्या चिप पुढे ढकलल्या. "ऑल-इन."

बाकीच्यांनी पटापट पत्ते टाकले. उरला तो, आणि त्याच्या राण्या. तिच्या चिप त्याच्यापेक्षा जास्त, म्हणजे हरला तर घरी. नियम त्यानेच शिकवलेला – बरोबरी केली तर दोघांचे पत्ते उताणे, सगळ्यांसमोर. टाकून दिले तर तिने काहीच दाखवायची गरज नाही. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओळखीचा चेहरा. 'दवाखान्यात गर्दी होती' म्हणताना हाच. 'आवडला हो शर्ट' म्हणताना हाच. आठ वर्षांपूर्वी 'हो' म्हणताना… हाच की. हा खरा निघाला तर फार तर स्पर्धेतून बाहेर. पण खोटा निघाला, तर मागची सगळी मापं पुन्हा तपासायला काढावी लागतील, आणि तेवढी रजा शिल्लक नाही.

"अहो, किती वेळ?"

त्याने राण्या पालथ्याच पुढे सरकवल्या. पत्ते वाटणाऱ्याने तिचेही न बघता उचलले आणि ढिगात मिसळून टाकले.

"काय होतं गं तुझ्याकडे?"

"बघायचं होतं तर बरोबरीला यायचं होतं," ती म्हणाली. जिंकलेल्या चिप ओढून घेताना तिचा आवाज पडला होता… जणू तो येईल म्हणूनच ती थांबली होती. की हेही…? डॉक्टर काहीतरी बोलत होता. त्याला ऐकूच आलं नाही. आता त्याला हेवा वाटत होता तो फक्त त्या ढिगाचा. मनातल्या मनात त्याने अर्ज लिहायला घेतला:

'प्रति, मा. स्पर्धा संचालक. विषय: टाकून दिलेले दोन पत्ते दाखवण्याबाबत. महोदय, अर्जदाराच्या पत्नीचे उपरोक्त डावातील पत्ते ढिगातून शोधून अर्जदारास एकदाच दाखवण्यात यावेत, व दाखवतेवेळी अर्जदाराचे डोळे घट्ट मिटलेले असल्याची खात्री करून घ्यावी, ही नम्र विनंती.'