दार नसलेल्या खोलीतली हवा

ऑफिसात मला सासूबाई म्हणतात. पूर्वी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. माझं कामच तसं आहे. आर्किटेक्टबाई भिंती काढतात, हवावाला हवेचे पाइप काढतो, पाणीवाला नळ, आगवाला धोक्याच्या घंटा, आणि माझा सख्खा धाकटा भाऊ दिवे आणि वायरी. पाचही जण आपापल्या टेबलावर बसून कॉम्प्युटरवर एकाच इमारतीचं मॉडेल बांधतात. मी दर आठवड्याला ते थर एकमेकांवर ठेवून बघते, कुणाचा पाइप कुणाच्या तुळईतून आरपार गेलाय का. गेलेला असतोच. मग मी ओरडते.

आमच्याकडे एक नियम आहे. दुसऱ्याने काढलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. भिंत आडवी आली तर पाइपाने वळसा घ्यायचा, भिंत पुसायची नाही. नियम चांगला आहे, नाहीतर रोज हाणामारी होईल. पण त्या नियमामुळेच ती खोली टिकली.

तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या मागे ती मला दिसली. छोटी, चौकोनी, आणि दार नाही. मी आर्किटेक्टबाईंकडे गेले तर त्या माझ्यावरच उखडल्या. "दाराशिवाय खोली काढायला मला वेड लागलंय का? मला वाटलं, पाणीवाल्याने पाइपांसाठी जागा धरलीय."

पाणीवाल्याला वाटलं होतं, आगवाल्याची असेल. आगवाल्याने खोली दिसली म्हणून घंटा दिली होती. हवावाल्याने हवा दिली होती, माझ्या भावाने दिवा. खोली काढली कुणी, ते कुणालाच माहीत नव्हतं. मालकाच्या रकान्यात नुसतं 'सामायिक' लिहिलेलं. सामायिक वस्तू पुसायची तर पाचही जणांची मंजुरी लागते, आणि एव्हाना प्रत्येकाचं काही ना काही त्या भिंतींना टेकलेलं होतं. आज बघू, उद्या बघू करत सगळ्यांनी हात झटकले. मी घसा कोरडा करून घेतला, दुसरं काय.

मॉडेलमध्ये होती म्हणून ती बांधलीही गेली. गवंड्यांनी टॅबवर दिसलं तसं बांधलं. आत दिवा लावला, सेन्सर बसवले, आणि शेवटची भिंत बाहेरून बंद केली.

इमारत उभी राहिली म्हणून मॉडेल संपत नाही. खऱ्या इमारतीतले सेन्सर त्याला जोडतात. तिथे दिवा लागला की इथे पडद्यावर लागतो, तिथे माणसं शिरली की त्यांच्या श्वासाने हवा जड झालेली इथे आलेखात दिसते. मात्र त्याआधी प्रत्येक खोलीचे सगळे रकाने भरावे लागतात. रिकामा रकाना लाल दिसतो, आणि साहेबांना लाल खपत नाही. शुक्रवारपर्यंत सगळं हिरवं हवं. मग काय, जो तो मनाला येईल ते भरतो. त्या खोलीच्याही 'माणसं' या रकान्यात कुणीतरी एकचा आकडा टाकून ठेवला होता. शेवटी एकच लाल उरला, तो म्हणजे खोली वापरणाऱ्याचं नाव. तिथे मनाला येईल ते चालत नाही, कर्मचाऱ्यांच्या यादीतलंच नाव लागतं.

"ताई, एवढ्यासाठी कपाळाला आठ्या?" धाकटा माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "टाक माझं नाव. दार नाही म्हणजे झोपलो तर उठवायला कुणी येणार नाही."

त्यानेच ते टाकलं. रकाना हिरवा झाला. आम्ही हसलो आणि चहा प्यायला गेलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो ऑफिसात डबा खाता खाता घुसमटला. घास अडकला म्हणून मी पाठीवर बुक्के मारले, तर घास नव्हताच. ओठ निळे, डोळे बाहेर. आई घरी असते, तिला सांगितलं असतं तर तिने हाय खाल्ली असती. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि काहीच सापडलं नाही. पुन्हा तसंच झालं तेव्हा मी योगायोगाने त्या इमारतीचं मॉडेल उघडून बसले होते. तिथले हवेचे पंखे सफाईसाठी बंद ठेवलेले होते. ते सुरू झाले आणि माझ्या समोर धाकट्याने खोल श्वास घेतला.

माझी पाचावर धारण बसली. मी तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीचा आलेख उघडला. बंद खोलीत हवेची रेघ सपाट असायला हवी. ती हळूहळू वर जात होती, खाली येत होती, एखादं माणूस शांत बसलेलं असावं तशी.

"श्वास रोखून धर," मी म्हणाले.

"का गं?"

"धर म्हणते ना!"

त्याने गाल फुगवून धरला. पडद्यावरची रेघ सपाट झाली. त्याने सोडला, रेघ हलली. पुन्हा धरायला लावला, पुन्हा सपाट. तिसऱ्यांदा मी काही सांगायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने माझा हात धरला. बाहेर एवढं ऊन असूनही त्याचा हात गार होता, एसीत दिवसभर पडलेल्या वस्तूसारखा.

मी साहेबांकडे गेले, भिंत फोडा म्हणाले. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि सेन्सर खराब असल्याची नोंद करायला सांगितलं. वर म्हणाले, बरं झालं विषय काढलास, त्या रिकाम्या खोलीला हवा तरी कशाला देतोय आपण? येत्या शुक्रवारच्या बदलांत ती कायमची बंद करून टाकू. मी कपाळावर हात मारला. तडक माझ्या टेबलावर येऊन मी तो रकाना उघडला.

नाव पुसून पाहिलं. एकदा भरलेला रकाना रिकामा करता येत नाही, आधीचंच नाव परत येतं. त्याच्या जागी दुसरं टाकता येतं, पण तेही जिवंत कर्मचाऱ्याचं. खोटं सांगत नाही, साहेबांचं नाव मी टाइप केलं. बराच वेळ त्याकडे बघत बसले. काचेपलीकडे ते फोनवर मुलीशी लाडात बोलत होते. मी ते पुसलं. ज्याच्यावर माझा हक्क आहे असं यादीत एकच नाव होतं. ते टाकलं आणि बटण दाबलं.

त्याच दुपारी धाकट्याच्या हाताला ऊब आली. संध्याकाळी तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला आणि आईकडून ओरडा खाल्ला. माझा जीव भांड्यात पडला. माझे हात गार पडले होते, पण मला काही तेवढा त्रास नव्हता. फक्त नाकात सतत ओल्या प्लास्टरचा वास, आणि डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पांढरा उजेड. तो दिवा धाकट्यानेच निवडलेला. मी एवढंच ठरवलं, याला सांगायचं नाही. सांगितलं तर त्याच क्षणी आपलं नाव परत टाकेल. मी ओळखते त्याला.

राहिली हवा. बदल मंजूर व्हायला पाचही जणांचा होकार लागतो, मला मत नसतं. एकाने जरी नाही म्हटलं तर बदल रद्द होतो. बाकीचे चौघे मला हसले असते. धाकटा माझा.

"त्या खोलीची हवा बंद करायचा बदल येईल," मी त्याला बजावलं. "तू नाही म्हण."

"अगं, मी बरा झालोय. सेन्सर बदलला असेल कुणीतरी. ती गोष्ट डोक्यातून काढ ना आता."

"माझ्यासाठी नाही म्हण."

"बरं बाई, म्हणतो. शपथ."

गुरुवारी पुन्हा आठवण केली. शुक्रवारी सकाळी बसमध्ये केली, तेव्हा तो चिडला. बदलांची लांबलचक यादी दुपारी सगळ्यांच्या पडद्यावर आली. ती कुणीच वाचत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय. खाली एकच मोठं बटण असतं, 'सर्व मान्य'. ज्याला एखादा बदल नाकारायचा असेल त्याने यादीत तो शोधायचा. चौघांच्या खुणा पटापट हिरव्या झाल्या. पाचवी लाल होती. मी तिच्याकडे डोळे लावून बसले होते, तेवढ्यात साहेबांनी मला आत बोलावलं, म्हणाले, "सासूबाई, एकच राहिलाय. कोण अडून बसलंय?"

मी काही बोलायच्या आत पडदा पूर्ण हिरवा झाला.

बाहेर आले तर धाकटा खुर्ची मागे टेकून आळस देत होता. गाल लाल, तोंडभर हसू.

"झालं गं ताई, तुझा शेवटचा लाल होता ना? केला हिरवा. आता तरी हस."

"यादी पाहिलीस?"

"कसली?" तो म्हणाला, आणि मग जीभ चावली. "अरे देवा. ती खोली. सॉरी, हात सवयीने गेला. पण तिथे आता कोण बसलंय, नाही का?"

मंजूर झालेला बदल मागे घेता येत नाही. सोमवारी सकाळी माणसं कामावर येण्याआधी तिथली हवा बंद होईल. नावाचा रकाना मात्र कधीही बदलता येतो, आणि तो उघडायचा कसा हे धाकट्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

"कुणी नाही," मी म्हणाले. "चल, आई वाट बघत असेल."

तो माझी पिशवी उचलून पुढे निघाला. मी कॉम्प्युटर बंद करायला वाकले. आलेख उघडाच होता. मी श्वास रोखला तशी रेघ सपाट झाली. दाराशी त्याने वळून पाहिलं आणि विचारलं, "येतेस ना?"

मी श्वास सोडला आणि हो म्हणाले.