दुसरा नंबर

"दुसरा नंबर सांगा," अलार्मवाला म्हणाला. भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याचं झाकण त्याने उघडं टाकलं होतं आणि आतल्या पट्टीत तो एकेक वायर कसत होता.

"दिला ना एक."

"तो तुमचा. तुम्ही नाही उचललात, तर पॅनेल दुसरा लावतं. धावत येईल असं कुणीतरी द्या."

मोजणीदारांनी उभी नोकरी लोकांच्या जमिनींच्या हद्दी ठरवण्यात घालवली होती. त्या कामात धावत येणारी माणसं जोडली जात नाहीत. आलीच तर काठ्या घेऊन येतात. त्यांनी फोनमधली नावं खालीवर केली. गॅसवाला. दातांचे डॉक्टर. एक मावसभाऊ, जो वारल्याचं त्यांना आत्ता आठवलं.

"आधी हे चालतं कसं, ते सांगा," ते म्हणाले.

अलार्मवाल्याने सांगितलं. एक तुकडा दाराच्या चौकटीवर, दुसरा दारावर, त्यात लोहचुंबक. दोन्ही जवळ आहेत तोवर पॅनेल गप्प. लांब गेले की एक नंबरचा दिवा लागतो, आणि तीस सेकंदांत आकडे दाबले नाहीत तर भोंगा. कोपऱ्यातला डोळा चालत्या माणसाची ऊब ओळखतो. वीज गेली तर खाली बॅटरी आहे.

"घरात असाल तेव्हा डोळा बंद ठेवा, नाहीतर तुम्हालाच चोर समजेल. अजून कोण असतं घरात?"

"आता डोळा."

अलार्मवाला हसला नाही. त्याला आज आणखी तीन घरं उरकायची होती. "काका, नंबर. रकाना रिकामा ठेवला तर हे पुढे सरकत नाही."

मोजणीदारांनी ताईच्या घरच्या तारेच्या फोनचा नंबर सांगितला. पाठ होता, एवढंच. आईचं शिवणयंत्र त्यांनी न विचारता भंगारात दिलं, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ताई बोलत नव्हती, आणि तसले फोन आता ठेवतं कोण? बंद नंबराने रकानाही भरतो आणि कुणाला तोशीसही पडत नाही.

मग निरोप भरायचा होता. डब्याच्या बारीक छिद्रांपाशी तोंड नेऊन ते म्हणाले, "मी बोलतोय. घरात कुणीतरी शिरलंय. लवकर या."

"आता एकदा खरा कॉल," म्हणत अलार्मवाल्याने बटण दाबलंसुद्धा.

मोजणीदारांच्या खिशात फोन वाजला.

"उचलू नका. दुसऱ्यावर जाऊ दे."

डब्यातून रिंग ऐकू आली. एक. दोन.

"हॅलो?"

आवाज थोडा जाड झाला होता. मोजणीदारांचा हात डब्याकडे गेला, पण तोवर त्यांचाच आवाज निरोप सांगू लागला होता. तीनदा सांगून पॅनेलने फोन ठेवला.

"तिला कळवा, चाचणी होती म्हणून," मोजणीदार म्हणाले.

"पॅनेलला तेवढंच बोलता येतं, काका. बाकीचं तुम्हीच बोला."

सही घेऊन, दार नुसतं लोटून तो गेला.

मोजणीदारांनी आपल्या फोनवर नंबर दाबला. शेवटचा आकडा तसाच राहिला. 'चाचणी होती.' दोन शब्दांचं काम. पण नऊ वर्षांनंतरचे पहिले दोन शब्द. त्यांनी फोन पालथा ठेवला, डोळा बंद केला, सरावासाठी म्हणून पॅनेल चालू केलं आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. ताई शहराच्या पार त्या टोकाला राहायची. शिवाय तिचे गुडघे.

पाऊण तासाने एक नंबरचा दिवा लागला.

ताई दारात उभी होती, धापा टाकत. एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्यात बाहेरची. हातात छत्री, टोकाकडून धरलेली.

"कुठाय?"

पॅनेल सेकंद मोजत होतं. मोजणीदारांनी उठून चार आकडे दाबले.

"पळाला."

"काय नेलं?"

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "काही नाही. बस जरा, ताई. एखादवेळी परत येईल."

ताईने भिंतीखालची ड्रिलची पांढरी भुकटी पाहिली. डब्यावरचं अजून न काढलेलं प्लास्टिक पाहिलं. मग छत्री कोपऱ्यात उभी केली.

"येईपर्यंत थांबते," ती म्हणाली.