संघपालबद्दल मी बोललो ते

धाकटी रत्नमाला लग्न होऊन अकोल्याला गेली, ते वर्ष २०२४. लग्न एप्रिलात झालं, आणि मे संपता संपता एका सकाळी इंद्रभान माझ्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"तुमी रविवारी जे बोलले, ते माह्या पोराबद्दल होतं काय?" त्यानं विचारलं.

वाशिमच्या रेल्वे गँगमध्ये, रुळांच्या कामावर, आम्ही दोघांनी पस्तीस वर्षं एकत्र काढली होती. एवढ्या वर्षांत त्यानं मला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. पास्टर वाशिमहून महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी माझ्याच घरी सतरंजी पडते, अकरा-बारा माणसं जमतात आणि मी चार शब्द बोलतो. मी मोठा शिकलेला नाही. त्यामुळे बोलताना आठवड्यात जे पाहिलं-ऐकलं तेच धरून बोलायचो. चांद्रयान दुसऱ्या वेळी नीट उतरलं, तेव्हा पडलेल्याला देव पुन्हा उभं करतो, यावर बोललो. आपण दहा मॅच जिंकून वर्ल्डकपची शेवटची हरलो, तेव्हा गर्वावर बोललो. टीव्हीवरच्या मालिकेतल्या सुनेनं जावेची चोरी स्वतःवर घेतली, तेव्हा मंडळीतल्या बायका माझ्याआधीच म्हणाल्या की हा तर क्रूसच झाला. इंद्रभान बौद्ध. तो कधी प्रार्थनेला बसला नाही, पण संध्याकाळी ओट्यावर येऊन काय बोललो ते विचारायचा आणि हसायचा.

"शांतवन, तुह्या येशूले लय काम हाये बाप्पा. मालिका बी पाहावं लागते, म्याच बी पाहावं लागते."

बायको जाऊन नऊ वर्षं झाली. रत्नमाला गेल्यावर घरात बोलायला भिंतीच उरल्या. दिवसभरात माझ्याशी जे काही बोलणं व्हायचं, ते ओट्यावर व्हायचं.

मेच्या पहिल्या आठवड्यात धरमसिंगच्या विहिरीचा गाळ काढणं चाललं होतं. पाणी उपसायला डिझेल इंजिन विहिरीतच उतरवलं होतं आणि त्याचा धूर खाली साचला. खाली गाळ काढणारा पवन बेशुद्ध पडला. त्याचा मित्र, इंद्रभानचा एकुलता एक मुलगा संघपाल, काठावर होता. तो दोर घेऊन उतरला, पवनला दोर बांधला. वरच्यांनी पवनला ओढून घेतलं. दुसऱ्यांदा दोर सोडेपर्यंत संघपाल गेला होता.

मी मातीला गेलो, खांदा दिला, इंद्रभानजवळ बसलो. तीन आठवडे त्याच्याशी एक शब्द जास्तीचा बोललो नाही. आणि चौथ्या रविवारी मंडळीसमोर उभा राहून मित्रासाठी जीव देणाऱ्याचं वचन वाचलं. म्हटलं, येशूला पाहायला येरूशलेमला जायला नको, तो आपल्या शिवारातल्या विहिरीत उतरला. माणसं रडली. माझ्या बोलण्यानं माणसं रडल्याची ती पहिलीच वेळ. मला बरं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे. सुलभाबाईंनी पुण्याच्या लेकीसाठी ते मोबाईलवर घेतलं होतं. ते या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेलं आणि सोमवारी गावभर झालं.

मी दारात इंद्रभानला म्हणालो, हो, संघपालबद्दलच बोललो, पण चांगलंच बोललो.

"चांगलंच बोलले तुमी," तो म्हणाला. "माह्या बापानं छप्पनले देव सोडले. पायी गेलता नागपूरले. तुमी त्याच्या नातवाले पुन्हा देवाच्या पायाशी नेऊन बसोलं. मले एका शब्दानं इचारलं काय?"

मी म्हणालो, नाही.

"अन् तो काही जीव द्याले नव्हता उतरला. त्याले वाटलं, पवनले चक्कर आली. धुराचं मालूम असतं तं भेला असता, उतरलाच नसता. मले तो भेणाराच पोरगा पायजे होता. लोक आता मले म्हणतात, तुह्या पोरानं नाव काढलं. म्या त्याईले काय सांगू?"

एवढं बोलून तो गेला.

पुढच्या रविवारी मी मंडळीला सांगितलं की माझं चुकलं, आणि का चुकलं तेही सांगितलं. सुलभाबाईंनी व्हिडिओ काढून टाकला, पण तो इतरांच्या फोनमध्ये राहिलाच. इंद्रभानच्या घरी मी चार वेळा गेलो. त्याची बायको रुख्मिणी पाणी द्यायची, आणि तो उठून मागच्या दारानं बाहेर जायचा. पाचव्या वेळी गेलो नाही. म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरातून किती वेळा उठवायचं?

आता रविवारी मी मालिका सांगतो, मॅच सांगतो, निवडणूक सांगतो. गावातलं माणूस सांगत नाही.

जानेवारीत रुख्मिणीनं निरोप पाठवला आणि मी गेलो. इंद्रभानच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्याच्या आठवणीला जमतात त्या दिवशी, ओळखीची माणसं उठून दोन शब्द बोलतात, तसं मीही बोलावं असं तिचं म्हणणं होतं.

"भाऊ, तुमी बोला. लोक तुमचं आयकतात," ती म्हणाली. "पण त्याईच्याबद्दलच बोला. दुसऱ्या कोनाले आणू नका त्याच्यात."

बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. पंचशील झाल्यावर माझं नाव घेतलं. मी सांगितलं की इंद्रभान सापाला फार भ्यायचा, म्हणून पावसाळ्यात रुळावर मी पुढे आणि तो मागे चालायचा. तुरीच्या शेंगा उकडताना मीठ जास्त टाकायचा आणि कबूल करायचा नाही. माझ्या मुलीच्या लग्नात दोन्ही पंगतींना वरण त्यानं वाढलं. मग मी थांबलो. लोक पुढचं ऐकायला माझ्याकडे बघत राहिले. पुढचं काही नव्हतं, म्हणून मी खाली बसलो.

इंद्रभान ९ जानेवारी २०२५ रोजी, गुरुवारी पहाटे, आपल्या घरी वारला. त्याआधीचे सात महिने तो माझ्याशी बोलला नव्हता.