उभ्या गाडीचा विमा

टॅक्सीवाल्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दोन महिने गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. विम्याची मुदत नेमकी त्याच आठवड्यात संपत होती. "गाडी दारात झोपणार. तिच्या झोपेचा विमा काढू काय?" असं तो बायकोला म्हणाला आणि स्वतःच पोट धरून हसला. बारा वर्षं ह्या शहाण्याने एकही हप्ता चुकवला नव्हता; ह्या वेळी चुकवला.

पण उभ्या गाडीची बॅटरी उतरते. म्हणून दर रविवारी तो गाडी सुरू करून चार हात मागे, चार हात पुढे घ्यायचा. ह्यालाही गाडी चालवणंच म्हणतात, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मागे घेताना किंकाळी ऐकू आली. शेजारची शिवणकाम करणारी पोर भिंतीपाशी उडालेला कपडा उचलायला वाकली होती. तिचा उजवा हात गाडी आणि भिंतीच्या मध्ये सापडला. तिच्या मशीनवर घरातली चार तोंडं जेवत होती.

गाडी पोलिसांनी नेली, म्हणजे ती विकून पैसे उभे करायचीही सोय राहिली नाही. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून त्याने विमा काढून देणाऱ्या बाईंना फोन लावला.

"उद्या गाडी बघून नवीन काढून देते, काका," त्या मायेने म्हणाल्या. "पण आज सकाळचं नाही हो त्यात धरता येत."

आत डॉक्टर पोरीला समजावत होते. मोठं ऑपरेशन आजच केलं तर बोटं वळतील. खर्च बराच आहे. नाहीतर नुसती जखम शिवायची.

"करा ना ऑपरेशन," ती म्हणाली. "काकांची टॅक्सी आहे, विमा असणारच. हो ना, काका?"

तो दारातूनच म्हणाला, "संपलाय, पोरी. गाडी उभीच होती, म्हणून मी..."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"मग जखमच शिवा," ती डॉक्टरांना म्हणाली. "आणि डाव्या हाताने कात्री चालवायला किती दिवसांत जमतं, ते सांगा."